ऑक्टेव्हिया व्हीआरएसच्या ड्रॅग गाडीला कोणता एलएसडी? आधी दोन चाकांतला फरक मोज

डोंबिवलीच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. त्याच्याकडे २००५ ची स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस आहे, ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ पट्टीवरच्या छोट्या शर्यतीसाठी, तयार केलेली. १.८ टर्बो, पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. मोठा टर्बो लावून आणि रिमॅप करून (इंजिनाचा संगणक नव्याने बेतून) टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, ३०० न्यूटन-मीटरच्या आसपास नेलाय. आतली मागची सीट, ट्रिम काढून चालकासकट गाडी १,२५० किलोवर आणलीय. लाँचला, म्हणजे जागेवरून सुटताना, डावं पुढचं चाक गरगर फिरतं, स्टिअरिंग हातातून ओढलं जातं आणि पहिल्या ६० फुटांतच रन वाया जातो. त्याला एलएसडी बसवायचाय. डिफ म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच, आणि एलएसडी म्हणजे एकाच चाकाला मोकळं गरगरू न देणारा डिफ. तो विचारतो: "काका, क्वाइफ कंपनीचा घेऊ, प्लेटवाला घेऊ, की कुर्ल्याला एकजण डिफ वेल्ड करून देतो म्हणतोय ते करू? बसवला की रात्री पाम बीच रोडवर तपासून बघेन."

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. पाम बीच रोडवर तपासायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे, पण मला कायद्याहून जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. नवा डिफ बसवल्यावर पहिल्या काही लाँचना गाडी कुठे ओढेल हे बसवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तिथे रात्री अकरालासुद्धा माणसं चालत असतात. डिफ बंदिस्त धावपट्टीवरच तपासायचा.

आता डिफ. मी विक्रोळीत गेली पंचवीस वर्षं गिअरबॉक्स उघडतोय. पुढच्या चाकांची ड्रॅग गाडी घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा कंपनीचं नाव विचारत येतो. नाव शेवटी ठरतं. आधी दोन आकडे लागतात: तुझी पुढची चाकं मिळून जमिनीला किती टॉर्क देऊ शकतात, आणि डाव्या-उजव्या चाकाच्या पकडीत सगळ्यात वाईट क्षणी किती फरक पडतो.

पहिला आकडा कागदावर निघतो. तुझ्या गाडीचा व्हीलबेस सुमारे २.५१ मीटर. गुरुत्वमध्याची उंची ०.५२ मीटर धरू आणि पुढच्या चाकांवर ६२ टक्के वजन धरू. गाडी पुढे झेपावते तेव्हा वजन मागे सरकतं, आणि आपली ओढणारी चाकं पुढे आहेत. मागच्या चाकांच्या गाडीला हे वजन सरकणं वरदान असतं, आपल्याला ते शाप आहे. रस्त्याच्या चांगल्या टायरची पकड १.० धरली तर हिशेब जुळतो तो साधारण ०.५१ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.५१ पट) वेगवाढीवर. त्या वेळी जवळजवळ १३० किलो पुढून मागे गेलेले असतात. त्या वेगवाढीला दोन्ही चाकांना मिळून सुमारे १,९०० न्यूटन-मीटर पेलवतात, म्हणजे एका चाकाला ९५० च्या घरात.

आता इंजिनाकडून काय येतं ते बघ. पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह मिळून साधारण १३ पट धर. ३०० गुणिले १३ म्हणजे ३,९००. टायर पेलतात त्याच्या दुप्पट. दुसऱ्या गिअरला साडेसात पटीच्या आसपास, म्हणजे २,३०० च्या जवळ; तिथेही जास्तच. तिसऱ्यात १,५०० च्या घरात उतरतं आणि टायर निवांत होतात. याचा अर्थ नीट लक्षात घे. जगातला कुठलाही एलएसडी बसवलास तरी पहिल्या गिअरमध्ये पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) दोन्ही चाकं फिरणारच. एलएसडी पकड तयार करत नाही, असलेली पकड वाया जाऊ देत नाही. गिअरप्रमाणे बूस्ट कमी-जास्त करणं, लाँचचे आरपीएम आणि टायर, ही कामं डिफ तुझ्यासाठी करणार नाही.

मग डिफ काय करतो? साधा डिफ, म्हणजे ओपन, दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतो. कमी पकडीच्या चाकाला जेवढा पेलवतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. समज डावं चाक धुळीवर गेलं आणि त्याची पकड ४०० न्यूटन-मीटरवर आली. उजव्याला ९५० पेलवतात, तरी ओपन डिफमध्ये मिळतात ४०० अधिक ४००, म्हणजे ८००. उजव्याची अर्ध्याहून जास्त पकड फुकट गेली. ही तुझीच गोष्ट आहे. (हे दुखणं जुनं आहे. १९३० च्या दशकात ऑटो युनियनची ग्रांप्री कार अशीच एका चाकावर टायर जाळायची. फर्डिनांड पोर्शे यांनी त्यावर झेडएफकडून मर्यादित घसरण्याचा डिफ बनवून घेतला होता.)

आता त्याच ठिकाणी हेलिकल डिफ लाव. क्वाइफचा एटीबी, टॉर्सन, वेव्हट्रॅक हे सगळे या घराण्यातले. आत तिरप्या दातांचे छोटे गिअर असतात. टॉर्क आला की ते आपल्या खोबणीच्या भिंतीवर दाबले जातात आणि त्या घर्षणामुळे जास्त पकडीच्या चाकाला कमी पकडीच्या चाकाच्या अमुक पट टॉर्क मिळतो. त्या पटीला टॉर्क बायस रेशो म्हणतात. तो अडीच असला तर डाव्याचे ४००, आणि उजव्याला १,००० पर्यंत देता येतात, पण उजव्याला पेलवतात ९५०. एकूण १,३५०. पूर्ण लॉक केलेला स्पूल, म्हणजे दोन्ही चाकं कायमची एकत्र जखडणारा भाग, लावलास तरी हेच १,३५० मिळतील! फरक अडीच पटीच्या आत असेल तर हेलिकल आणि स्पूल जमिनीला सारखंच देतात. ही गोष्ट फार थोडे लोक मोजून बघतात आणि विनाकारण लॉक डिफच्या मागे लागतात.

पण चाक क्षणभर उचललं गेलं तर चित्र पालटतं. व्हील हॉपमध्ये, म्हणजे चाक जागच्या जागी उड्या मारतं तेव्हा, नेमकं तेच होतं. डाव्याची पकड १०० वर आली असं धर. ओपनमध्ये एकूण २००. हेलिकलमध्ये १०० अधिक २५०, म्हणजे ३५०. चाक पूर्ण हवेत गेलं तर शून्याची अडीच पट शून्यच. वेव्हट्रॅकमध्ये अशा शून्य लोडसाठी आत एक वेगळी यंत्रणा आहे, ती त्या क्षणी थोडं बंधन तयार करते. प्लेटवाल्या डिफमध्ये लॉकिंग (दोन चाकांतला टॉर्कचा फरक एकूण टॉर्कच्या किती टक्के होऊ शकतो ते) ७० टक्के आणि प्रीलोड (टॉर्क नसतानाही असलेलं बंधन) ८० न्यूटन-मीटर असेल तर उजव्याला ८३० च्या आसपास जातं, म्हणजे एकूण ९३०. स्पूलमध्ये १,०५०. इथे प्लेट आणि स्पूल खरोखर कमाई करून देतात.

म्हणून दुसरा आकडा, म्हणजे दोन चाकांतला फरक, तुला स्वतः मोजावा लागेल. एक गैरसमज आधी काढून टाकतो. लोक म्हणतात इंजिनाचा टॉर्क एक बाजू उचलतो. हे मागच्या सॉलिड एक्सलच्या गाडीत खरं आहे, कारण तिथे प्रोपेलर शाफ्टचा पीळ एक्सलला एका बाजूने उचलतो. आपलं इंजिन आडवं बसलेलं आहे, त्याचा पीळ चाकांच्या पिळाला समांतर. तो गाडीचं नाक वर करतो, डावं-उजवं करत नाही. मग तुझं डावंच चाक का फिरतं? आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. एकटा चालक, मागची सीट काढलेली, म्हणजे उजवीकडे भार जास्त असू शकतो. शिवाय दोन्ही एक्सलची लांबी वेगळी, दोन टायरमधली हवा वेगळी, एखादा बुश फाटलेला. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून, तू सीटवर बसून, कॉर्नर वेट घे. माझ्या अनुभवात निम्म्या गाड्यांचा आजार इथेच सापडतो.

मग रन मोज. जुन्या फोक्सवॅगन कुटुंबातल्या गाड्यांत व्हीसीडीएस या तपासणीच्या सॉफ्टवेअरने एबीएसच्या मेझरिंग ब्लॉकमधून (आतल्या नोंदींतून) प्रत्येक चाकाचा वेग वाचता येतो. नोंदीचा वेग फारसा नसतो, पण डावं-उजवं कुठे फुटतं एवढं कळतं. दुसरं साधन त्याहून स्वस्त. मित्राला बाजूला उभं करून फोनवर स्लो मोशन घे, आणि रन झाल्यावर चालत जाऊन डांबरावरचे काळे पट्टे बघ. एक सलग पट्टा आणि एक काहीच नाही, तर तुला एलएसडीची गरज आहे. दोन्ही पट्टे सलग, तर तुझी गरज टायर आणि बूस्ट. पट्टा तुटक, ठिपक्याठिपक्यांचा, तर तो व्हील हॉप आहे, आणि तो थांबवल्याशिवाय कुठलाही महागडा डिफ बसवू नकोस.

व्हील हॉपवर थोडं थांबतो, कारण शाफ्ट तिथे तुटतात. टायर पकडतं, सुटतं, पुन्हा पकडतं, आणि प्रत्येक पकडीला एक्सलवर हातोडा बसतो. ओपन डिफमध्ये एका शाफ्टवर एकूण टॉर्कच्या निम्म्याहून जास्त कधी येत नाही. लॉक डिफमध्ये एक चाक हवेत असताना सगळा ३,९०० दुसऱ्या शाफ्टच्या वाट्याला जाऊ शकतो. म्हणून डिफच्या पैशांआधी इंजिन माउंटिंग, त्यातही खालचं डॉगबोन माउंटिंग (इंजिनाला पुढे-मागे झुलू न देणारा दांडा), कंट्रोल आर्मचे बुश आणि चांगले डॅम्पर यांचे पैसे बाजूला काढ. मागची स्प्रिंग कडक केली की वजन कमी सरकतं असं सांगणारे भेटतील. वजन किती सरकायचं ते वेगवाढ, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस ठरवतात. कडक स्प्रिंगने मागची बैठक कमी होते, पुढची भूमिती कमी बिघडते आणि हॉप आटोक्यात येतो, एवढा तिचा फायदा. तोही घ्यावा. बॅटरी मात्र डिकीत नेऊ नकोस, ती पुढेच राहू दे.

आता वेल्डिंग. नको. डिफच्या आतले छोटे स्पायडर गिअर केस-हार्डन (वरचा थर कडक) केलेले असतात, वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद ठिसूळ होतं. तुकडा सुटला की क्राउन (डिफवरचा मोठा गिअर) आणि हाउसिंगच्या मध्ये जातो आणि ॲल्युमिनियमचं हाउसिंग फोडून बाहेर येतो. दुसरी गोष्ट मी डोळ्यांनी बघितलीय. एका धावपट्टीवर लॉक केलेल्या डिफच्या गाडीचा उजवा शाफ्ट दुसऱ्या गिअरमध्ये तुटला. ओपन डिफ असता तर गाडी नुसती न्यूट्रलसारखी रेंगाळली असती. हेलिकल असता तरी जवळजवळ तसंच झालं असतं. इथे सगळा टॉर्क एकट्या डाव्या चाकाला गेला आणि गाडी क्षणात उजवीकडे वळली. कठडा नव्हता, गवत होतं, म्हणून पोरगा चालत बाहेर आला. त्या दिवसापासून रस्त्यावरही चालणाऱ्या पुढच्या चाकांच्या गाडीला मी लॉक डिफ बसवत नाही. पूर्ण रेस गाडीला, मजबूत शाफ्ट असतील, गाडी ट्रेलरवर येत-जात असेल आणि चालक तयार असेल, तर स्पूल योग्य. तिथे स्लिक (नक्षी नसलेल्या) टायरवर तो खरा वेळ देतो. तू मात्र गाडी चालवत शीळफाट्याहून घरी जाणार आहेस.

प्लेटवाल्या डिफबद्दल मला आदर आहे. जपानी काझ, कुस्को, ओएस गिकेन यांची कामगिरी उत्तम आहे. आतले रॅम्प दाब देतात आणि क्लच प्लेटा दाबल्या जातात. रॅम्पचे कोन, प्लेटांची मांडणी आणि प्रीलोड बदलून तो गाडीला बेतता येतो, हे हेलिकलमध्ये होत नाही. वन-वे फक्त वेग देताना पकडतो. वन-पॉइंट-फाइव्ह-वे वेग कमी करताना थोडा पकडतो. टू-वे दोन्हीकडे सारखा. पुढच्या चाकांच्या ड्रॅग गाडीत टू-वे घेऊ नकोस. फिनिश लाइननंतर थ्रॉटल सोडताच चाकं एकमेकांना जखडतात, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकिंगमध्ये नाक भरकटतं. गिअर बदलताना डिफ सुटू नये म्हणून टू-वे हवा असं सांगतात, पण त्या पाव सेकंदाला नीट बसवलेला प्रीलोड पुरतो. प्रीलोड मोजायची पद्धत सोपी आहे: गिअर न्यूट्रल, एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, हबवर टॉर्क रेंच लावून चाक हलायला किती लागतं ते बघायचं. पुढच्या चाकांच्या गाडीला मी ६० ते ८० न्यूटन-मीटरच्या वर जात नाही.

प्लेटची अडचण दुसरीकडे आहे, आणि ती मागच्या चाकांच्या गाडीवाल्यांना कळत नाही. त्यांच्या डिफला स्वतंत्र तेल असतं. आपल्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफ एकाच तेलात पोहतात. प्लेटांना घर्षण सांभाळणारं एलएसडीचं तेल हवं असतं, आणि सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या, पितळी रिंगांना जीएल-४ प्रतीचं. जीएल-५ मधली काही रसायनं पितळ खातात, आणि तेल फार निसरडं झालं की सिंक्रो पकडत नाही, गिअर घासून पडतो. शिवाय प्लेटांची झीज त्याच तेलातून बेरिंगपर्यंत जाते. प्लेट घेतलास तर निर्मात्याने सांगितलेलंच तेल घाल. मोकळ्या मैदानात सावकाश आठच्या आकड्यात दोन्ही दिशांना फिरवून प्लेटा बसवून घे आणि तेल लगेच बदल. नंतरही दर दोन-तीन इव्हेंटनंतर बदल. हेलिकलला असले लाड लागत नाहीत. गिअरबॉक्सचं ७५डब्ल्यू-९० जीएल-४ त्याला पुरतं, आणि तो बसवून विसरता येतो. व्हिस्कस डिफचा विचारच नको. त्यातलं तेल गरम होऊन घट्ट व्हायला वेळ लागतो आणि आपला लाँच तोवर संपलेला असतो.

माझं मत आता सांगतो. तुझी गाडी रस्त्यावर चालते, टायर सेमी-स्लिक, वर्षात दोन-चार इव्हेंट, त्यातही ॲम्बी व्हॅलीसारख्या धावपट्टीवर. ती विमानांसाठी बांधलेली पट्टी आहे, ड्रॅगसाठी रसायन फवारून चिकट केलेली नव्हे. तिथे डाव्या-उजव्या चाकाखाली धूळ कमी-जास्त असते, पण फरक सहसा दोन-अडीच पटीत राहतो. माउंटिंग आणि बुश नीट केलेस की हेलिकल तुला स्पूलइतकंच देईल, आणि शाफ्ट तुटला तर तुझा जीव धोक्यात घालणार नाही. क्वाइफ किंवा वेव्हट्रॅक, तुझ्या गिअरबॉक्सला जो मिळेल तो. स्टिअरिंगची ओढ मात्र पूर्ण जाणार नाही. फोर्डने २००२ च्या फोकस आरएसमध्ये कारखान्यातूनच क्वाइफ एटीबी दिला होता, तरी ती गाडी थ्रॉटलवर हात ओढायची. उद्या पूर्ण स्लिकवर गेलास आणि व्हिडिओत चाक खरोखर उचललं जाताना दिसलं, तर वन-वे किंवा वन-पॉइंट-फाइव्ह-वे प्लेटकडे जाऊ.

बसवण्याबद्दल, कारण चूक इथेच होते. तुझा गिअरबॉक्स ०२जे कुटुंबातला. त्यात क्राउन डिफला रिव्हेटने जोडलेला असतो, बोल्टने नाही. या रिव्हेट जोरात वापरलेल्या गाडीत तुटतात आणि तुटलेली रिव्हेट हाउसिंगला भोक पाडते. उतरवताना रिव्हेटची डोकी घासून, ड्रिल करून त्या काढायच्या. क्राउनला ड्रिल लागता कामा नये. नव्या डिफवर क्राउन साधारण १०० अंश सेल्सियसपर्यंत गरम करून बसवायचा, मग चांगल्या प्रतीचे बोल्ट, थ्रेडलॉकर आणि टॉर्क रेंच. बोल्टची डोकी हाउसिंगला घासत नाहीत ना, हे हाताने पूर्ण फेरा फिरवून बघायचं. डिफ टेपर रोलर बेरिंगवर फिरतो, म्हणून नव्या डिफबरोबर बेरिंगचा प्रीलोड पुन्हा मोजून शिम (अंतर भरणारी पातळ चकती) बदलावा लागतो. जुनाच शिम घालून बंद करणारे मेकॅनिक भेटतील. दोन हजार किलोमीटरवर बेरिंग ओरडायला लागलं की तुला कळेल. डायल गेज आणि शिमचा संच ज्याच्याकडे नाही, त्याला गिअरबॉक्स देऊ नकोस.

डिफ बाहेरून मागवताना डिफच्या किमतीवर शिपिंग, कस्टम ड्यूटी आणि आयजीएसटी धर. बेरिंग, सील, बोल्ट एकाच पार्सलमध्ये घे, नाहीतर गिअरबॉक्स टेबलावर उघडा पडून राहतो आणि पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत क्राउनवर दोन दिवसांत लाली येते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात जुना एलएसडी हाती लागला तर उघडून बघितल्याशिवाय घेऊ नकोस. हेलिकलच्या खोबणीत चरे दिसले, किंवा प्लेटा निळ्या पडलेल्या दिसल्या, तर सोडून दे.

पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी कर: कॉर्नर वेटचा कागद, दोन लाँचचा स्लो मोशन व्हिडिओ आणि पट्ट्यांचे फोटो. ते घेऊन शनिवारी दुपारी ये. गिअरबॉक्स तेव्हाच उतरवू नये, पण खालून डॉगबोनचा बुश बघून घेऊ. तुझ्या वर्णनावरून तो फाटलेला असावा अशी मला दाट शंका आहे.